चौदा मीटर अठ्ठावीस

एक

गुरुवारी सकाळी म्हाताऱ्या प्रोफेसरांनी आपलं कपाट उघडलं, तेव्हा उत्तरांचं पाकीट जागच्या जागी होतं. लाखेची मोहरही शाबूत होती. फक्त पाकिटाची एक कड ब्लेडनं सरळ कापलेली होती आणि आतला कागद गेला होता.

प्रोफेसरांनी गाजावाजा केला नाही. भौतिकशास्त्राचा तो पेपर त्यांनीच काढलेला, उत्तरं त्यांच्या डोक्यात होती. त्यांनी ती कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवली आणि पेपर तपासायला बसले. अकराच्या सुमाराला एका उत्तरपत्रिकेपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा पुसला, ते पान पुन्हा वाचलं आणि उठून विभागप्रमुखांच्या खोलीत गेले.

अर्ध्या तासानं स्टोअरच्या बाईंना बोलावणं आलं.

बाई विभागाचं स्टोअर सांभाळायच्या. प्रयोगाचं सामान द्यायचं, परत घ्यायचं, आणि मोडलेलं कुणी मोडलं ते शोधायचं. या शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंग कुणी फोडलं, तार कुणी जाळली, हे त्या पाच मिनिटांत काढायच्या, तेही आवाज न चढवता. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"बाई, उद्या दोन वाजता कमिटी बसतेय," विभागप्रमुख म्हणाले. "त्याआधी तुम्ही सगळ्यांशी एकदा बोला. माझ्यासमोर सगळे तोलून मापून बोलतात."

"झालंय काय?"

"पाचव्या प्रश्नाचं झालंय."

पाचवा प्रश्न म्हटल्यावर बाईंना पुढचं विचारावं लागलं नाही. प्रोफेसरांना मुलं 'लंबक' म्हणायची, कारण तासभर ते फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच गतीनं ये-जा करायचे. नोट्स देत नसत. पहिल्याच तासाला विचारायचे, "हा वर्ग किती लांब आहे?" कुणी माहीत नाही म्हटलं की म्हणायचे, "मग अंदाज कर. डोळे काय फक्त खिडकीबाहेर बघायला आहेत?" त्यांच्या पेपरात चार प्रश्न पुस्तकातले असत आणि पाचवा 'घरचा', म्हणजे याच इमारतीतल्या कशावर तरी. पिण्याच्या पाण्याची टाकी तोटी उघडी राहिली तर किती वेळात रिकामी होईल? सगळा वर्ग एकदम हसला तर खोली किती तापेल? आकडा एकही द्यायचा नाही. मुलांनी अंदाज करायचा, रीत बरोबर असली की मार्क मिळायचे. मुलं रडायची, मनातल्या मनात शिव्या घालायची. आणि वीस वर्षांनी त्यांतलंच कुणीतरी पत्र पाठवायचं, की सर, आज कारखान्यात घरचा प्रश्न आला होता, सुटला.

यंदाचा प्रश्न असा होता. वरच्या मजल्यावर जिन्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून कुलूप निसटलं आणि तो लगेच ओरडला. तळाशी उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायला किती वेळ मिळेल?

"बाकीच्या मुलांनी उंची दहा मीटर धरली, कुणी बारा, कुणी पंधरा," विभागप्रमुख म्हणाले. "एका मुलीनं लिहिलंय, चौदा मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर. आणि गेलेल्या कागदावर सरांनी लिहिलं होतं, चौदा मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर."

"कोण मुलगी?"

"ती तुमची. सदानकदा हात वर करणारी."

दोन

वर्गात तिला 'शंका' म्हणायचे. तास संपता संपता, सगळ्यांच्या पिशव्या भरून झाल्यावर तिचा हात वर जायचा, "सर, एक शंका." मग दहा मिनिटं कुणाची सुटका नसे. आत्ता ती स्टोअरच्या बाकावर ताठ बसली होती.

"मी मोजलं, बाई."

"जिना?"

"सगळंच. दरवर्षी इमारतीतलंच काहीतरी विचारतात ना? मग वर्षभर एकेक मोजून ठेवलं. ही वही बघा."

वहीत एकतीस वस्तू होत्या. टेबलाची उंची अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर. खिडकीची चौकट नव्वद. बाक एक मीटर बावन्न. वर्गाचं दार दोन मीटर चौदा. शेवटच्या पानावर जिना, वरच्या फरशीपासून खालच्या फरशीपर्यंत. वरून दोरी सोडली, मग ती कॉरिडॉरमध्ये आंथरून मोजली, असं शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"कधी मोजलंस? माझ्याकडे तर सामान नेल्याची तुझी एकही चिठ्ठी नाही."

"जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा तुमचं स्टोअर बंद असतं." मुलीनं वही जवळ ओढली. "बाई, खरं काय होईल माझं?"

"कागद चोरला असं ठरलं तर तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही."

"तीन वर्षं मामा घरी ठेवून घेणार नाहीत. एका वर्षाला हो म्हणालेत, तेही आईनं चार वेळा पत्र लिहिल्यावर." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. वहीची कड मात्र नखानं खरवडत राहिली.

बाई प्रोफेसरांच्या खोलीत गेल्या, तेव्हा ते उभ्यानं पेपर तपासत होते.

"सर, तुमचा आकडा कुठून आला?"

"आकाशातून पडला. मोजला, बाई. सुट्टीच्या दिवशी येऊन दोरी सोडली आणि मोजली."

"स्टीलची पट्टी घेतलीत?"

"तुमच्या त्या चिठ्ठ्यांवर सह्या करण्यापेक्षा मी बोटांनी मोजेन. तीस वर्षांत केली का एक तरी सही?"

"नाही केलीत. लिहून ठेवलंय मी."

प्रोफेसर हसले नाहीत. "मुलगी हुशार आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय. अंदाज केला असता तरी पूर्ण मार्क दिले असते. मोजलं म्हणते, आणि नेमका माझाच आकडा. बाई, दोघांनी वेगवेगळं मोजलं तर सेंटीमीटरला सेंटीमीटर जुळत नाही. दोरी ताणली जाते, हात हलतो. एवढं मी पहिल्या वर्षाला शिकवतो."

"एखाद्या वेळी जुळतही असेल."

"असेल. खरा आकडा असेल तर."

तीन

कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. एक प्रोफेसरांच्या खिशात, दुसरी हेडक्लार्ककडे. हेडक्लार्क स्टोअरच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली जुनी लाकडी मीटरपट्टी घेऊन पाठ खाजवत उभे होते. ती पट्टी तशी कुणाचीच नव्हती. उंचावरचे पडदे ओढायला, कोळिष्टकं काढायला, ज्याला लागेल तो घ्यायचा आणि पुन्हा खिळ्याला लावायचा.

"किल्ली कुठे असते तुमची?"

"टेबलाच्या खणात."

"खणाला कुलूप?"

"आहे ना. त्याची किल्ली हरवलीय." हेडक्लार्कनी पट्टी खांद्यावरून अजून खाली सरकवली. "बाई, माझ्याकडे असं बघू नका. मला त्या कुलपाच्या प्रश्नाचं उत्तर चोरून काय करायचंय? मी साधा जिना चढतो तर धाप लागते."

"खणात कुणी हात घातला?"

"सगळेच घालतात. स्टेपलर तिथेच असतो."

छोटे सर प्रयोगशाळेत होते. ते प्रोफेसरांचेच विद्यार्थी, आता त्याच विभागात शिकवायचे. पस्तिशी उलटली तरी नावाला 'छोटे' चिकटलं ते सुटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्या प्रोफेसरांना आणखी एक वर्ष शिकवू द्यायचं की नाही ते ठरायचं होतं, आणि नाही म्हटलं तर तो विषय छोट्या सरांकडेच येणार होता.

"मला त्या मुलीचं वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण पुरावाच असा आहे. सरांची चूक जशीच्या तशी तिच्या पेपरात उतरलीय. आता यावर कमिटी तरी काय करणार?"

"तुम्ही तिला शिकवता. चोरेल असं वाटतं?"

"वाटण्यावर काय आहे, बाई." त्यांनी काचेचं भांडं उचललं, पुसलं, आणि जिथून उचललं तिथेच ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता.

तीन वाजता विभागप्रमुखांनी हेडक्लार्कला पोलादी टेप देऊन जिना मोजायला लावला. इमारतीचा जुना नकाशाही काढला. दोन्हीकडे एकच आकडा निघाला, चौदा मीटर. वर अठ्ठावीस काय, एक सेंटीमीटरही नाही.

विभागप्रमुख वही घेऊन स्टोअरमध्ये आले.

"संपलं, बाई. खरी उंची आली असती तर म्हणता आलं असतं की दोघांनी मोजली. पण चूक? चूक ज्याची त्याची असते. सरांची चूक हिच्याकडे आली ती कागदावरूनच. आणि ही वहीसुद्धा घाईघाईत रचलेली आहे. टेपनं पडताळून पाहिली. टेबल बरोबर, खिडकी बरोबर, पण बाक दीड मीटरचा आहे, हिनं एक बावन्न लिहिलाय. दार दोन मीटर दहा, हिनं दोन चौदा. अर्धी मापं खोटी."

वही टेबलावर टाकून ते गेले.

चार

बाई नणंदेबरोबर राहायच्या. दोघी विधवा, एकीला बोलायला आवडायचं आणि दुसरीला ऐकायला, त्यामुळे बरं चाललं होतं. नणंद शिवणकाम करायची. संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा ती दोन कोट मांडीवर घेऊन बाह्या उसवत होती.

"वहिनी, आज माझी शोभा झाली. दोन बायका एकदम दारात. एकमेकींना ओळखत नाहीत, पण तक्रार एकच. बाही बोटभर लांब. दोघींची. तेवढीच."

"तेवढीच?"

"अगदी तेवढीच. एक म्हणते कशी, एकीचं बिघडलं ते बघून दुसरीचं बिघडवलंत की काय? तिला म्हटलं, बाई गं, तुझं माप मी गेल्या सोमवारी घेतलं, हिचं शनिवारी. मग डोक्यात प्रकाश पडला. माप घेतलं नव्या टेपनं आणि कापड कापलं त्या जुन्या टेपनं. तो ताणून ताणून लांब झालाय मेला. आखूड काही कापलं की कळत नाही. लांब कापलं की वाढतच जातं." तिनं दात लावून दोरा तोडला. "तुम्ही जेवणार की अशाच उभ्या राहणार?"

बाई उभ्याच होत्या. त्यांनी पिशवीतून वही काढली. टेबल, अठ्ठ्याहत्तर, बरोबर. खिडकी, नव्वद, बरोबर. एका मीटरच्या आतलं सगळं बरोबर होतं. बाक एका मीटरहून मोठा, तिथे दोन सेंटीमीटर जास्त. दारात दोन मीटर, तिथे चार जास्त. जिना चौदा मीटर. चौदा दुणे अठ्ठावीस.

खोटी मापं लिहिणारी मुलगी इतक्या शिस्तीत खोटं लिहिणार नाही. हिची पट्टीच दर मीटरला दोन सेंटीमीटर तोकडी होती. स्टोअरमधून तिनं पट्टी घेतली नव्हती, कारण तेव्हा स्टोअर बंद असायचं. प्रोफेसरांनी घेतली नव्हती, कारण ते सही करत नसत. मग दोघांच्याही हाताला लागेल अशी पट्टी उरली एकच.

ती तोकडी कशी झाली आणि कुणी केली, हे मात्र बाईंना शोधावं लागलं नाही.

पाच

एकोणीस वर्षांपूर्वी स्टोअरचं जड दार वाऱ्यानं आपटलं होतं आणि मध्ये ती पट्टी सापडली होती. टोकाचा तुकडा तुटला. त्या महिन्यात आधीच दोन भिंगं फुटली होती आणि त्या वेळचे विभागप्रमुख सगळ्यांदेखत बोलायचे. बाईंनी पट्टी सुताराकडे नेली. त्यानं टोक तासून सरळ केलं आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या, म्हणजे एक बाजू वेगळी दिसायला नको. शेवटचे आकडे टोपीखाली गेले. बाईंनी यादीत 'वापरात नाही' असं लिहिलं, पट्टी बाहेर खिळ्याला लावली आणि विसरून गेल्या. मोडलेलं कुणी मोडलं ते शोधणाऱ्या बाई.

शुक्रवारी सकाळी लवकर येऊन त्यांनी ती पट्टी स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. अठ्ठ्याण्णव.

मग त्या छोट्या सरांकडे गेल्या.

"कागद द्या, सर."

"कुठला कागद?"

"ज्याला उत्तर हवं असतं तो कागद वाचतो आणि परत ठेवतो. नेत नाही. कागद नेला तो दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून. त्यात काहीतरी झाकायचं होतं. काल एक वाजता तुम्ही मला म्हणालात, सरांची चूक मुलीच्या पेपरात उतरलीय. टेप लावला तीन वाजता. एक वाजता ती चूक आहे हे खुद्द सरांनासुद्धा माहीत नव्हतं."

छोट्या सरांनी एका जाड पुस्तकातून घडी घातलेला कागद काढला.

"गेल्या वर्षी इमारतीच्या दुरुस्तीचा नकाशा मीच पाहिला होता. जिना चौदा मीटर, हे मला पाठ होतं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सरांना तपासायला मदत करावी म्हणून पाकीट उघडलं, तर हा आकडा. वाटलं, सरांचं आता होत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचं ठरायचंय, आणि विरोधात असलेल्यांना एवढंच पुरलं असतं. म्हटलं, नीट करून ठेवू. तेवढ्यात त्यांनीच कपाट उघडलं."

"मला वाटलं होतं, तुम्हाला त्यांची जागा हवीय."

"सगळ्यांनाच वाटतं."

"पाकीट तुम्ही कापलंत तेव्हा ते अखंड होतं?"

त्यांनी पुस्तक मिटून बाजूला सारलं.

"सर, परीक्षा होऊन गेल्यावर पाकीट अखंड होतं. म्हणजे परीक्षेआधी तिनं कागद पाहिलेला नाही. हे तुम्हाला मंगळवारपासून ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण मग आकडा तिला मिळाला कुठून? मला वाटलं, सरांच्या टेबलावर कधीतरी कच्चा हिशेब पाहिला असेल. असं धरलं की झोप लागत होती."

"दोन वाजता सांगाल?"

"आकडा कुठून आला ते तुम्ही सांगणार असाल, तर सांगतो."

"ते मलाच सांगावं लागणार आहे," बाई म्हणाल्या.

सहा

कमिटीत तिघं होते. विभागप्रमुख आणि दुसऱ्या विभागांचे दोन प्राध्यापक. एका कडेला शंका बसली होती, दुसऱ्या कडेला प्रोफेसर. छोट्या सरांनी उभं राहून आपलं सगळं सांगितलं, कुठेही सावरून न घेता. प्रोफेसरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"म्हणजे पाकिटातून नाही," विभागप्रमुख म्हणाले, "पण आकडा अजून तिथेच आहे. तो आला कुठून?"

बाईंनी दोरीचं भेंडोळं आणि पितळी टोप्यांची पट्टी टेबलावर ठेवली.

"साहेब, तुम्ही स्वतः मोजा."

"मी?"

"तुम्ही तर कुणाचा कागद पाहून मोजणार नाही."

सगळे जिन्यापाशी गेले. विभागप्रमुखांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या. वरून दोरी सोडली, खाली एका प्राध्यापकांनी टोक धरलं. मग दोरी कॉरिडॉरमध्ये आंथरली आणि विभागप्रमुख गुडघ्यावर बसून पट्टी पुढे पुढे सरकवू लागले. चौदा वेळा पट्टी पूर्ण बसली. राहिलेलं मोजायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"किती, साहेब?"

"अठ्ठावीस."

"आता तुम्हीही सरांचा कागद पाहिला असं म्हणायचं का?"

कुणी हसलं नाही, फक्त मागे उभ्या हेडक्लार्कना खोकला आला. बाईंनी शेजारी स्टीलची पट्टी ठेवली, आणि फरक सगळ्यांना दिसला. वहीतली मापंही त्यांनी एकेक करून वाचून दाखवली. एका मीटरच्या आतली बरोबर, पुढे दर मीटरला दोन जास्त.

"ही मोडली कुणी?" विभागप्रमुखांनी सवयीनं विचारलं. हा प्रश्न ते नेहमी बाईंनाच विचारायचे.

"मी," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली. लपवली होती."

विभागप्रमुखांनी नंतर बाईंच्या फायलीत एक कडक पत्र लावलं, आणि निवृत्तीच्या दिवशीच्या भाषणात त्याचा उल्लेख टाळला. दोन्ही गोष्टी त्यांनी नियमाप्रमाणे केल्या.

"बाईंनी लपवली ते सोडा," प्रोफेसर म्हणाले. "मी मोजायच्या आधी पट्टी तपासली नाही. पहिल्या वर्षाला पहिला तास यावरच घेतो मी." मग ते शंकेकडे वळले. "तूही तपासली नाहीस."

"नाही, सर."

"आरोप मागे घेतलाय," विभागप्रमुख कपडे झटकत म्हणाले. "मुली, तुला काही म्हणायचं असेल तर म्हण."

सगळ्यांना वाटलं, आता रडेल.

"माझा पेपर तपासायचा राहिलाय," ती म्हणाली. "मार्क लागल्याशिवाय मामांना काय सांगू?"

प्रोफेसरांनी तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून तिची उत्तरपत्रिका उघडली. विद्यार्थ्यासमोर त्यांनी कधी पेपर तपासला नव्हता. पाचव्या प्रश्नाला ते पोचले तेव्हा कमिटीतले दोघे घड्याळ बघून निघून गेले होते.

"आवाज खाली पोचायला लागणारा वेळ धरलायस. चांगलं. मीटरला दोन सेंटीमीटरची चूक दोघांची सारखी, ती सोडून देतो. पण कुलूप जमिनीवर नाही पडत, डोक्यावर पडतं. खालच्या माणसाची उंची वजा केली नाहीस. तीन मार्क गेले. सतरा."

"सर, एक शंका."

छोट्या सरांनी डोळे मिटले.

"वरचा माणूसही उभाच आहे ना? कुलूप त्याच्या हातातून सुटलं, फरशीवरून नाही. मी धरलं की ते त्यानं खांद्याएवढं उचललं होतं. खाली जेवढं वजा करायचं, साधारण तेवढंच वर मिळवायचं. म्हणून दोन्ही सोडून दिलं. पानाच्या तळाशी लिहिलंय."

प्रोफेसरांनी पानाचा तळ पाहिला. मग आपला कागद खिशातून काढून पाहिला. त्यांनी डोकं वजा केलं होतं. हात त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. ते पायरीवरून उठले, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालत गेले, वळले, आणि त्याच गतीनं परत आले.

"खांद्याएवढंच कशावरून? कमरेशी धरलं असेल तर?"

"निसटल्यावर लगेच ओरडला, सर. म्हणजे बघत होता त्याच्याकडे. किल्ली लावत असणार."

प्रोफेसरांनी सतरावर काट मारली आणि शेजारी वीस लिहिलं. विभागप्रमुख सहीसाठी कागद हातात धरून उभे होते. त्यांना अजून थांबावं लागलं, कारण मुलीनं आता तिसऱ्या प्रश्नाचं पान उघडलं होतं.

घरच्या प्रश्नाला लंबकानं विसापैकी वीस कधीच दिले नव्हते, असं मुलं पुढे सांगत राहिली. बाईंना माहीत होतं की त्याआधी दोनदा दिले होते. पण भांडून घेतलेले हे पहिलेच.